फोन उचलला, पण बाहेर लागलाच नाही

(समुदाय रेडिओवरून झालेलं भाषण)

आम्ही मुंबईतल्या घोडपदेवच्या बाया बोलतोय. भायखळा, रे रोड, कॉटन ग्रीन आणि लालबाग यांच्यामध्ये आमची वस्ती आहे. एके काळी इथल्या घराघरात गिरणीचा कामगार असायचा, आणि त्यातले कितीतरी सातारा-कोल्हापूरकडून, नाहीतर कोकणातून आलेले. त्यामुळे तुमच्या घरातलं कुणी ना कुणी घोडपदेवला राहून गेलेलं असेल. आम्ही बावीस जणी मिळून इथे खाद्यपदार्थांचं केंद्र चालवतो. मसाले, पापड, दिवाळीचा फराळ, हेच आमचं काम.

या कार्यक्रमात कुणी मसाल्याचं प्रमाण सांगतं, कुणी बँकेच्या कर्जाबद्दल बोलतं. आम्ही आज फोनबद्दल बोलणार आहोत. मोबाईलबद्दल थोडं, पण जास्त बोलायचंय ते कामाच्या जागी असतो त्या फोनबद्दल. एका पेटीतून दहा-बारा तारा निघतात, प्रत्येक खोलीत एक फोन असतो, आणि बाहेर बोलायचं असलं की आधी शून्य दाबावा लागतो. आम्ही त्याला इंटरकॉम म्हणतो, बसवणारे ईपीएबीएक्स म्हणतात. तुमच्याकडेही तो असतो. दूध संकलन केंद्रात, पतपेढीत, साखर कारखान्यात, जिनिंग मिलमध्ये, मुलींच्या वसतिगृहात, ग्रामीण रुग्णालयात. रोज शंभर फोन येतात-जातात, म्हणून आपल्याला वाटतं की फोन चांगला आहे. आम्हालाही तसंच वाटत होतं.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. पहिल्या मजल्यावर चकल्या तळायचं काम चालू होतं. तेल जास्त तापलं आणि कढईने पेट घेतला. घाबरून कुणीतरी त्यावर पाणी ओतलं. तेलाच्या आगीवर पाणी कधी ओतायचं नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. पण घाबरल्यावर पाठ केलेलं आठवत नाही. भडका उडाला आणि आमच्या एका काकूंचा हात कोपरापासून खाली भाजला.

भिंतीवरच्या फोनजवळ आमच्यातली सगळ्यात धाकटी मुलगी उभी होती. पाटण तालुक्यातून मावशीकडे आलेली, आमच्याकडे लागून जेमतेम तीन आठवडे झालेले. तिने डोकं चालवलं. शाळेत शिकवलेलं होतं, आग लागली की १०१. तिने फोन उचलून १०१ लावला. बेल वाजायला लागली. वाजत राहिली. कुणी उचलेना. मग तिला आठवलं की हल्ली सगळ्याला मिळून ११२ असतो. तिने ११२ लावला. लगेच कुणीतरी उचललं. ही ओरडली, "आग लागलीय, लवकर गाडी पाठवा!" पलीकडून आवाज आला, "गाडी सहाला येणार आहे, माल बांधून ठेवा."

तुम्हाला हसू आलं असेल. आम्हीही नंतर हसलो, पण बऱ्याच दिवसांनी. झालं होतं असं, की आमच्या इंटरकॉमचे आतले नंबर १०० पासून सुरू होत होते. १०० म्हणजे ऑफिस, १०१ म्हणजे मसाल्याची खोली, १०८ म्हणजे वरचं कोठार आणि ११२ म्हणजे तळमजल्यावरचं पॅकिंगचं टेबल. मुलीने आगीच्या बंबाला फोन लावला, तो वाजला आमच्याच रिकाम्या मसाल्याच्या खोलीत. मग मदतीसाठी ११२ लावला, तो उचलला आमच्याच पॅकिंगवाल्या ताईंनी, आणि त्यांना वाटलं की टेम्पोची चौकशी चाललीय.

आमचे मोबाईल कपाटात कुलूपबंद होते. तळणीच्या खोलीत मोबाईल नको, हा नियम आम्हीच केला होता. शेवटी खालच्या गाळ्यातल्या कामगाराने धूर पाहून स्वतःच्या मोबाईलवरून बंब बोलावला. तोवर आमच्यातल्या दोघींनी गॅस बंद करून कढईवर मोठं झाकण टाकलं होतं, म्हणून पुढचं टळलं. काकूंच्या हाताची मलमपट्टी सात आठवडे चालली. आणि ती मुलगी आठवडाभर एकच म्हणत होती, "मला फोन लावता आला नाही."

आम्ही तिला बसवून सांगितलं, की बाई, तू दोन्ही नंबर बरोबर लावलेस. चुकलं आमचं. चार वर्षं तो फोन आमच्या भिंतीवर होता, आणि त्यावरून मदत मागता येते की नाही, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. पेटी जुनी घेतलेली. बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "नंबर शंभरपासून टाकू ना?" आम्ही म्हटलं, "टाका."

घोडपदेवला फोन आणि आग यांची एक जुनी गोष्ट आहे. आमच्यापासून दक्षिणेला, फार लांब नाही, व्हिक्टोरिया गोदी होती. १४ एप्रिल १९४४ ला तिथे फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळाही होता. दुपारी चारनंतर दोन मोठे स्फोट झाले. गोदीच्या आसपासच्या वस्त्या जळाल्या, शेकडो माणसं गेली. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना त्यातली आठवते ती उडालेली सोन्याची वीट. पण त्या दिवसाच्या ज्या हकिकती लिहिल्या गेल्या, त्यात फोनचीही गोष्ट येते. जहाजावर दारूगोळा आहे, तेव्हा मोठी मदत पाठवा, असा निरोप अग्निशमन दलाला फोनवरून द्यायला एक जण धावला. पण त्या फोनला नंबर फिरवायची तबकडीच नव्हती. ऑपरेटर कधी बोलेल याची वाट न बघता त्याने जवळच्या आगीच्या घंटेची काच फोडली. घंटेने एवढंच कळलं की गोदीत आग आहे. कसली आग, कशाशेजारी आग, हे घंटा सांगू शकत नव्हती. मग नेहमीच्या आगीला जातात तसे सुरुवातीला दोनच बंब निघाले.

तो निरोप वेळेवर गेला असता तर सगळं वाचलं असतं, असं आम्ही म्हणणार नाही. त्या दुपारी पुष्कळ चुका पुष्कळ जणांकडून झाल्या. आम्ही त्यातून दोनच गोष्टी घेतल्या. फोन समोर असणं आणि फोन लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि फोन लागला तरी काय सांगायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

दुसऱ्या देशांतही हे अशाच ठेचा खाऊन शिकले. लंडनमध्ये १९३५ साली एका घराला आग लागून पाच बायका गेल्या. शेजाऱ्याने फोन केला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याचा फोन बाकीच्या फोनांच्या रांगेत अडकून पडला. त्यानंतर १९३७ मध्ये तिथे ९९९ हा आणीबाणीचा वेगळा नंबर सुरू झाला. अमेरिकेत २०१३ साली टेक्सास राज्यातल्या एका हॉटेलच्या खोलीत एका बाईवर तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने हल्ला केला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून तिथला ९११ नंबर चार वेळा लावला. तो लागला नाही, कारण त्या हॉटेलात बाहेर फोन करायला आधी एक नऊ दाबावा लागत होता. आई गेली. त्या बाईचं नाव कारी. २०१८ मध्ये तिथे तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. हॉटेल असो की ऑफिस, अशा फोनवरून आधी कुठलाही आकडा न दाबता ९११ थेट लागला पाहिजे, आणि तो लावल्याचं त्या जागेतल्या कुणाला तरी लगेच कळलं पाहिजे, असा तो कायदा. नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे नंबर लावला होता, आमच्या मुलीनेही लावला होता. अडवलं ते भिंतीवरच्या फोनने.

आता आम्ही काय काय केलं, ते सावकाश सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

पहिलं म्हणजे आतले नंबर बदलले. आता आमचे नंबर २०१ पासून २१३ पर्यंत आहेत. एकने सुरू होणारा एकही आतला नंबर ठेवला नाही. कारण आपल्याकडे मदतीचे बहुतेक नंबर एकनेच सुरू होतात. ११२ हा सगळ्यांना मिळून आहे. महाराष्ट्रात तो २०२१ पासून चालू आहे. १०० पोलीस, १०१ आगीचा बंब. १०८ ची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. बाळंतिणीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी १०२. बायकांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८, घरगुती गॅसची गळती झाली तर १९०६. एक हा आकडा संकटासाठी राखून ठेवला की गोंधळ होत नाही. मग पेटीत असं घालून घेतलं, की ११२ थेट लावला तरी लागतो आणि सवयीने कुणी शून्य दाबून ११२ लावला तरी लागतो. घाबरलेल्या माणसाचं बोट कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या.

दुसरं म्हणजे कुलूप. बिल वाढतं म्हणून आम्ही ऑफिस सोडून सगळ्या फोनांचे बाहेरचे कॉल बंद करून घेतले होते. म्हणजे त्या दिवशी मुलीला शून्य दाबायचं सुचलं असतं, तरी तळणीच्या खोलीतून फोन बाहेर गेला नसताच. आता कुलूप तसंच आहे, पण मदतीचे नंबर त्यातून सोडवले आहेत. ते रखवालदाराच्या फोनवरून लागतात आणि गच्चीच्या जिन्यातल्या फोनवरूनही लागतात. इंटरकॉमवाल्याला हे करायला पाच मिनिटं लागली. पण आपण सांगितल्याशिवाय तो करत नाही.

तिसरं, लाईन मोकळी असणं. आमच्या बाहेरच्या लाईनी दोन. दिवाळीत दोन्हींवर ऑर्डर चालू असतात. काही पेट्या अशा असतात, की ११२ लावला की चालू असलेला एक कॉल तोडून त्याला वाट देतात. तुमच्या पेटीत ती सोय आहे का, विचारा. आमच्या पेटीत नव्हती. म्हणून आम्ही नियम केला, की "लाईन सोडा" अशी हाक आली की बोलणं अर्धं टाकून फोन ठेवायचा. ऑर्डर काय, परत येते.

चौथं म्हणजे वीज, आणि हे आम्हाला सगळ्यात उशिरा सुचलं. आग लागली की शहाणं माणूस आधी काय करतं? मेन स्विच पाडतं. मेन पाडला की पेटी बंद, आणि पेटी बंद म्हणजे तेरा फोन मुके. आता लँडलाईनही बऱ्याच ठिकाणी इंटरनेटच्या तारेतून येते. तिचा भिंतीवरचा डबा विजेवर चालतो, म्हणजे तोही बंद. आम्ही पेटी आणि तो डबा दोन्ही बॅटरीवर घेतले. शिवाय पेटीला बगल देऊन एक साधा फोन थेट बाहेरच्या लाईनीवर जोडून दाराजवळ ठेवला. पेटी बिघडली तरी तो चालतो. तुमच्याकडे भारनियमन असेल तर ही बॅटरी किती वेळ टिकते, हे घड्याळ लावून बघा. आमची चाळीस मिनिटांत बसली. नवी घ्यावी लागली.

पाचवं म्हणजे पत्ता. कामाच्या जागेवरून फोन केला की पलीकडच्या माणसाला फार तर मुख्य नंबर दिसतो, आणि त्या नंबराचा पत्ता म्हणजे बिलावरचा पत्ता. आमचं बिल अध्यक्षताईंच्या घरच्या पत्त्यावर येत होतं, केंद्राच्या नव्हे. म्हणजे फोन लावून जर आमच्यापैकी कुणी बेशुद्ध पडली असती, तर बंब त्यांच्या दारात गेला असता. पत्ता बदलून घेतला. आणि प्रत्येक फोनच्या वर एक पुठ्ठा लावला. त्यावर मोठ्या अक्षरात गल्ली, इमारत, मजला, खोली, जवळची खूण, आणि मोठी गाडी कुठल्या फाटकातून आत येते ते लिहिलं. नुसतं घोडपदेव म्हटलं तर काय कळणार? आमच्या गल्ल्या अशा, की एका तोंडाने रिक्षासुद्धा वळत नाही. बंबाच्या जवानांनी त्या दिवशी आम्हाला विचारलं होतं, "मागच्या फाटकाने यायचं हे आधी का नाही सांगितलंत?"

सहावं म्हणजे उलटा फोन. कॉल तुटला तर मदत केंद्रातून परत फोन येतो. आमच्या नंबरावर परत फोन केला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज लागायचा, "आमच्या केंद्रात आपलं स्वागत आहे, ऑर्डरसाठी एक दाबा." पोलीस विचारतायत की तुम्ही जिवंत आहात का, आणि आपण म्हणतोय ऑर्डरसाठी एक दाबा! आता ११२ लावल्यानंतर अर्धा तास तो आवाज बंद राहतो आणि येणारा फोन थेट ऑफिसात आणि फाटकावर वाजतो. ज्या पेटीत ही सोय नाही, तिथे तो स्वागताचा आवाज काढूनच टाका. आपली माणसं फोन उचलतात, तेवढं स्वागत पुरे.

सातवं, आतल्या माणसांना कळणं. आता कुठल्याही खोलीतून ११२ लागला की फाटकावर आणि ऑफिसात एक वेगळी घंटा वाजते, आणि कुठल्या खोलीतून लागला तो नंबर तिथल्या फोनवर दिसतो. मग एक जण रस्त्यावर जाऊन गाडीला वाट दाखवायला उभी राहते, दुसरी त्या खोलीकडे धावते. तिसरी जिन्यातली खोकी हलवते. जिन्यात खोकी ठेवायची नाहीत, हा नियम आहे. पण दिवाळीत ती असतात, हे आम्ही मान्य करतो.

या सगळ्याचा खर्च किती, हे तुम्ही विचारणारच. बचत गटाची बाई आधी तेच विचारते. नंबर बदलणं, कुलूप सोडवणं, घंटा लावणं, हे सगळं त्याच पेटीत झालं, इंटरकॉमवाल्याच्या एका दिवसाच्या मजुरीत. पैसे लागले ते बॅटरीला. तीन महिन्यांच्या नफ्यातून थोडे थोडे बाजूला काढून ती घेतली.

आता चाचणी. गंमत म्हणून ११२ लावायचा नाही, दुसऱ्या कुणाची लाईन अडते. आम्ही आधी जवळच्या पोलीस ठाण्याच्या साध्या नंबरावर कळवलं. मग इंटरकॉमवाल्यासमोर एकदाच ११२ लावला. पलीकडून उचलल्यावर लगेच सांगितलं, "ही चाचणी आहे, इथे सगळं ठीक आहे, मदत नको." आमचा पत्ता तिकडे काय दिसतो तेवढं विचारलं आणि आभार मानून फोन ठेवला. चुकून लागला तरी घाबरून कापू नका. कापला की पलीकडच्याला वाटतं, कुणीतरी बोलणाऱ्याचं तोंड दाबलं. चुकून लागला, एवढं सांगा.

यंत्राची चाचणी झाली की माणसांची चाचणी घ्यायची. त्यासाठी बाहेर फोन लावावा लागत नाही. आमच्याकडे ज्या मावशी लादी पुसायला येतात, त्यांना वाचता येत नाही. त्यांना आम्ही विचारलं, "मावशी, इथे आत्ता कुणी चक्कर येऊन पडलं, तर काय कराल?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला हाक मारीन." "आम्हीच पडलो तर?" मावशी गप्प झाल्या. मग आम्ही फोनवर एकच्या बटणाला लाल आणि दोनच्या बटणाला हिरवा ठिपका लावला. लाल, लाल, हिरवा. आता त्या डोळे मिटूनही दाखवतात. जी बाई सगळ्यात नवी आहे, जिला सगळ्यात कमी माहीत आहे, तिला जमलं तरच सोय झाली असं म्हणा. अध्यक्ष-सचिवांना जमलं, त्यात काय विशेष?

बोलायचं काय, तेही चार शब्दांत बसवलं. कुठे, काय, किती, कोण. कुठे म्हणजे पुठ्ठ्यावरचा पत्ता. तो आधी सांगायचा, कारण फोन तुटला तरी गाडी निघते. काय म्हणजे आग, अपघात, मारहाण, छातीत दुखणं; आणि त्याच दमात धोक्याची वस्तू. आत गॅसचे सहा सिलिंडर आहेत, हे आम्ही पुठ्ठ्यावरच लिहून ठेवलंय. गोदीत तेच पोचायचं राहिलं होतं. किती म्हणजे किती माणसं आत आहेत, किती जखमी आहेत. आणि कोण म्हणजे आपलं नाव आणि परत फोन करायचा नंबर. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

सगळं झालं, आता वर्षभर निवांत, असं आम्हाला वाटलं होतं. पावसाळ्यात वीज कडाडली आणि पेटीतला एक भाग जळाला. इंटरकॉमवाल्याने नवा टाकला, फोन सुरू झाले, ऑर्डर सुरू झाल्या. आमच्या धाकट्या मुलीने मात्र रजिस्टर काढलं. दुरुस्तीनंतर चाचणी, असं तिनेच त्यात लिहून ठेवलं होतं. तिने तळणीच्या खोलीतून २०४ लावला. लागला नाही. १०४ लावला, तो लागला. नवा भाग टाकल्यावर पेटी कारखान्यातून आली होती तशी झाली होती. आतले नंबर पुन्हा शंभरपासून, कुलूपही पुन्हा तसंच. दोन दिवस आमच्या बावीस जणी पुन्हा त्याच मुक्या फोनाखाली तळणी करत होत्या, आणि कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर आम्ही इंटरकॉमवाल्याकडून सगळी मांडणी कागदावर लिहून घेतली आणि पेटीच्या दारावर आतून चिकटवली. दुरुस्ती झाली की त्याने तो कागद बघून एकेक गोष्ट करून दाखवायची, मगच पैसे.

गावाकडच्या मैत्रिणींनो, तुमच्या गटाकडे अशी पेटी नसेल, तरी जिथे तुमची पोर शिकायला राहते, जिथे तुम्ही दूध घालता, जिथे तुमचं माणूस रात्रपाळीला जातं, तिथे ती असेल. वसतिगृहाच्या बाईंना विचारा, मुलींच्या मजल्यावरच्या फोनवरून ११२ लागतो का? रात्री ऑफिसला कुलूप असतं तेव्हाही लागतो का? कारखान्याच्या माणसाला विचारा, तुमचा आतला १०८ नंबर कुणाचा आहे? हे विचारण्यात भांडण नाही. बहुतेकांच्या ते डोक्यातच आलेलं नसतं, जसं आमच्या आलं नव्हतं.

आणि ज्यांच्याकडे मोबाईलच आहे, त्यांच्यासाठी थोडं. व्हॉट्सॲपवरून ११२ लागत नाही, साधा कॉलच लावायचा. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनला कुलूप असलं, तरी पडद्यावर इमर्जन्सी लिहिलेलं असतं, तिथून कुलूप न उघडता ११२ लावता येतो. स्मार्टफोनचं बंद-चालूचं बटण भराभर तीन वेळा दाबून, किंवा बटणाच्या साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरून मदत मागता यावी, असा नियम सरकारने २०१६ मध्ये केला. आपल्या फोनमध्ये ते कसं चालतं, घरातल्या शिकलेल्या पोराकडून समजून घ्या. आणि पत्ता सांगताना गावाबरोबर तालुका आणि जिल्हा सांगा. वडगाव किती आहेत महाराष्ट्रात! नुसतं वडगाव म्हटलं तर १०८ ची गाडी कुठल्या वडगावला जाईल? वाडीचं नाव, मारुतीचं देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, फाट्यापासून किती आत, हे एका पुठ्ठ्यावर लिहून दारामागे लावा. म्हातारी माणसं घरी एकटी असतात, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही आमच्या केंद्रातल्या प्रत्येक फोनजवळ जातो. बाबासाहेबांची जयंती असते, सकाळी अभिवादन करून येतो आणि दुपारी हे काम करतो. गोदीत गेलेल्या जवानांची आठवण काढतो, ठिपके निघालेत का बघतो, बॅटरी घड्याळ लावून तपासतो. ज्या काकूंचा हात भाजला होता, त्या पहिला फोन उचलतात. हातावर डाग आहे अजून. पण चकलीचा सोऱ्या त्याच हाताने फिरवतात.

मैत्रिणींनो, उद्या कामावर गेलात की जवळचा फोन एकदा नीट बघा. त्यावरून बाहेर मदत मागायची तर काय दाबावं लागतं, हे शेजारच्या बाईला विचारा. तिला माहीत नसेल, तर दोघी मिळून साहेबांना विचारा. तेवढं एवढ्या आठवड्यात करा. बाकीचं आपोआप मागे येईल.

घोडपदेवला आलात तर केंद्रावर नक्की या.